बीटल्सची वाटणी आणि आमची सहल

आई-आबा आटपाडीहून अमेरिकेला येणार, दादा-वहिनी पोरांसकट पुण्याहून येणार आणि सगळ्यांनी मिळून फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचं, हे एका फोनमध्ये ठरलं. उतरायचं कुठे, यावर मात्र विमानाची तिकिटं निघाली तरी खलबतं चालूच होती.

डिस्नेची हॉटेलं म्हणजे नाटकाचे सेट. एकाच्या दारात हवाई बेटं, दुसऱ्याच्या दारात आफ्रिका. फ्लोरिडा असतो तो फक्त पार्किंगपुरता. चाळून चाळून शेवटी दोन उरली. एक पॉलिनेशियन, 1971 साली डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हापासूनचं. तळ्याकाठी वसलेलं, मोनोरेलमध्ये बसलं की थेट मॅजिक किंगडमच्या दारात, आणि रात्रीची आतषबाजी तळ्यापलीकडे. दुसरं 2001 सालचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज. तिथे मोनोरेल नाही, बसची वाट बघत उभं राहायचं. पण गॅलरीत आलं की खाली जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. अर्थात जास्तीचे पैसे मोजून ‘सव्हाना व्ह्यू’ खोली घेतली तर. स्वस्तातल्या खोलीतून कदाचित गाड्याच चरताना दिसतील.

“जिराफालापण आपण दिसणारच की,” आई म्हणाली, “मग पैसे आपणच का भरायचे?” याचं उत्तर बुकिंगवालीकडेही नव्हतं.

बायको आणि वहिनी मोनोरेलच्या बाजूने. (दोघींचं एकमत झालं, याचीच मला जास्त धास्ती.) पोरं जिराफाच्या बाजूने. दादाला माहिती गोळा करायची फार हौस. पॉलिनेशियनचं पारडं जड करायला त्याने ग्रुपवर टाकलं, की जॉन लेननने बीटल्सच्या वाटणीच्या कागदांवर सही केली ती याच हॉटेलात, डिसेंबर 1974 मध्ये.

इतके दिवस गप्प असलेल्या आबांचा फोन आला. “जिथं चार चांगल्या माणसांची वाटणी झाली, तिथं दोघं सख्खे भाऊ बायका-पोरं घेऊन उतरणार? आपल्या विहिरीच्या पाळ्या अजून ठरायच्यात.”

मोनोरेल तिथेच रद्द झाली.

लॉजच्या आवारात सना नावाचं उपाहारगृह आहे. आफ्रिकी स्वयंपाक, भारतीय मसाला. तिथली प्रसिद्ध चीज म्हणजे पाच तऱ्हेचे नान-पराठे आणि त्यासोबत वाट्यावाट्यांतून नऊ तोंडीलावणी: चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, काकडीची कोशिंबीर वगैरे. खिडकीबाहेर जिराफ. आईने नवाच्या नऊ वाट्या चाखल्या, वेटरकडे पाहिलं आणि मला विचारलं, “भाजी मागनं आणतोय का?”

आबांनी जिराफाकडे एकदाच पाहिलं. त्यांची नजर अडकली अंकोले गाईंवर. तांबूस अंग आणि बुंध्याला मांडीएवढी जाड, आभाळात गेलेली शिंगं. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार निरखावं तसे ते कठड्याशी वाकून उभे राहिले. तिथे बोत्स्वानाहून आलेला एक तरुण कर्मचारी होता. आबांनी माझ्यामार्फत त्याला विचारलं, “औताला चालतात का?” पोरगा खुलला. त्याच्याही घरी गुरं होती. मग चारा, पाऊस, दुष्काळ असं सगळं निघालं. माझी दुभाषेगिरी कमी पडायला लागली. बोलता बोलता तो म्हणाला, आमच्याकडे लग्न ठरलं की मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या असतात.

मी मराठीत सांगितलं. आबांनी पसंतीची मान हलवली.

मागून आईचा आवाज आला, “विचार त्याला, जुनी थकबाकी वसूल करता येती का.”