वाढेल ना पगार!

आपल्याकडे घर आजच्या पगारावर कोणी घेत नाही. पाच वर्षांनंतरच्या पगारावर घेतात. बिल्डर, बँक आणि होणारे सासरे, तिघांनाही तो पगार लख्ख दिसत असतो. दिसत नाही तो फक्त एचआरला.

२०२० आठवा. कोथिंबीरसुद्धा सोड्याच्या पाण्यात बुडवायचे दिवस. पगारकपातीचे ईमेल येत होते. तेवढ्यात राज्य सरकारने सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी उतरवलं, तेही डिसेंबरअखेरपर्यंतच. रेपो दर आधीच ४ टक्क्यांवर, म्हणजे कर्जही स्वस्त. झालं! लिफ्टचं बटण काडीने दाबणारी माणसं दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. ७० लाखांच्या फ्लॅटमागे २ लाख १० हजार वाचत होते. तेवढे वाचवायला ५० लाखांचं कर्ज काढायचं, याला आपण व्यवहार म्हणतो. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे बिल्डर म्हणतो तेव्हा ती जाहिरात असते. मेव्हणा म्हणाला की हिशेब होतो. आणि भाव वाढणार म्हणून सगळेच धावले की भाव वाढतातच. मग मेव्हणा "मी म्हणत नव्हतो?" म्हणायला मोकळा.

पुढे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो साडेसहावर गेला. बऱ्याच बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत ताणली. वीस वर्षांचं कर्ज गुपचूप निवृत्तीपलीकडे सरकलं. काहींचा हप्ता तर नुसत्या व्याजालाही पुरेना. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बजावावं लागलं, की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा तरी! कर्जदार काय सांगणार? "मुदतच वाढवा, पगार वाढेल."

हीच रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरांतल्या कुटुंबांना विचारते, वर्षभराने महागाई किती असेल? उत्तर सहसा सरकारी आकड्याच्या वरच येतं. महागाईबद्दल इतके धास्तावलेले आपण पगाराबद्दल मात्र कमालीचे श्रद्धाळू. दोन्हींतून निघणारा सल्ला एकच : उचला कर्ज.

आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याचं कर्ज आता २०४७ मध्ये फिटणार आहे. दुसऱ्या मुलाचं विचारलं की नवरा मोबाइलवर हप्त्याचं वेळापत्रक उघडून दाखवतो. देशही त्याच वर्षी विकसित व्हायचा आहे म्हणे. त्याची मुदत कोण ताणतं, ते बघायचं.