संगणकाची परीक्षा : नवशिक्यांसाठी कृती

साहित्य : एक संगणक, एक पेन ड्राइव्ह, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आणि फोन उचलणारा एक भाचा. भाचा नसल्यास शेजारणीचा चालेल. मात्र त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान नसावं. तो कुठल्याही दुखण्यावर 'फॉरमॅट मारू' एवढंच सांगतो.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चांगली, हा प्रश्न चारचौघांत काढू नये. विंडोजवाला म्हणेल, हिच्यावर सगळं चालतं. ते खरंही आहे. त्याच्या दुकानातलं वीस वर्षांपूर्वीचं बिलांचं सॉफ्टवेअर अजून चालतंय. ते बंद पडेल या धास्तीने त्याने त्या संगणकावरची धूळसुद्धा पुसलेली नाही. मॅकवाला काही बोलत नाही, नुसतं झाकण उघडून सफरचंद आपल्याकडे करतो. लिनक्सवाल्याला 'लिनक्स कसं आहे?' असं विचारलं, की तो 'कोणतं?' म्हणतो आणि चहा गार होतो. तेव्हा परीक्षा आपणच घेतलेली बरी.

पहिली परीक्षा दमाची. संगणक सुरू करावा आणि बंद करू नये. विंडोज ९५ ला हे जमत नसे. ते सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या खान्यात मोजी. ४९ दिवस १७ तास झाले की खाना भरे, आकडा शून्यावर येई आणि यंत्र गोठू शके. हा दोष ध्यानात यायलाच काही वर्षं गेली. एवढे दिवस सलग उभं राहिलेलं विंडोज ९५ कुणी पाहिलंच नव्हतं, असं वाईट माणसं म्हणतात.

आज हा पेपर तिघेही सोडवतात. २००१ साली एक्सपी आलं तेव्हा घरगुती विंडोजखालचा पाया बदलला, त्याच वर्षी मॅकही युनिक्सच्या घराण्यात गेला, आणि लिनक्स १९९१ पासून त्याच वळणाचं. आता दुखणं बहुधा पाहुण्यांमुळे येतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून, ती फाइल हाताने पुसावी लागली. मॅक आणि लिनक्सवाले त्या दिवशी फार गोड हसत होते. त्या हसण्यावरून नवशिक्याने मत बनवू नये. ती फाइल विंडोजसाठीच होती.

दुसरी परीक्षा खरी, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात होते. सोसायटीचा मराठी अर्ज टाइप करावा, पेन ड्राइव्हमध्ये घ्यावा आणि दुकानात जावं. लिनक्सवाल्याने अर्ज लिबरऑफिसमध्ये केलेला असेल, तर दुकानातलं वर्ड तो उघडेल खरं, पण 'आपला विश्वासू' एकटाच दुसऱ्या पानावर गेलेला असेल. मॅकवाल्याच्या पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची, पुढे टिंब आणि रेघ असलेली आणखी एक फाइल येऊन बसते. मॅक ती स्वतःच्या नोंदीसाठी ठेवतो आणि स्वतःला दाखवत नाही. दुकानातला मुलगा बरोबर तीच उघडतो आणि म्हणतो, "काका, फाइल करप्ट आहे." रांगेतले लोक आपल्याकडे दयेने पाहतात. शिवाय पेन ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीचा असेल, तर मॅक तो वाचतो, पण त्यावर लिहीत नाही.

विंडोजवाला इथे पास होणार असं वाटतं. पण अर्ज दहा वर्षांपूर्वीचा, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेला असेल आणि तो फाँट दुकानात नसेल, तर कागदावर इंग्रजी अक्षरं नि चिन्हांचा चिवडा पडतो. युनिकोडमध्ये टाइप करा, इनस्क्रिप्टचा कीबोर्ड तिन्हीकडे आहे, आणि नेताना पीडीएफ न्या. एवढं केलं की तिन्ही सिस्टीम सारख्याच निघतात, म्हणून हे सहसा कुणी सांगत नाही.

घरीच छापायचं असेल तर एक मौज लक्षात ठेवावी. मॅक आणि लिनक्स छपाईसाठी कप्स ही एकच यंत्रणा वापरतात. दोघांच्या भक्तांमध्ये वाद लागला, की हे मध्येच सांगावं आणि स्वयंपाकघरात निघून जावं.

तिसरी परीक्षा बोटांची. मॅकवर कॉपी करायला कंट्रोल नव्हे, कमांड दाबायचं. लाल बटणाने खिडकी मिटते, प्रोग्रॅम मात्र बहुतेक वेळा मागे बसून राहतो. आठवडाभरात हात वळतो. मग ऑफिसातल्या विंडोजवर चुकायला लागतं.

चौथी परीक्षा वयाची, आणि इथे माझा थोडा राग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत चालणारं यंत्र एका सकाळी म्हातारं ठरलं. मॅकवाल्यांनीही मान ताठ करू नये: इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती, असं ॲपलने सांगून टाकलं आहे. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवर घ्यावं आणि काहीही न पुसता तिथूनच चालवून पाहावं. वायफाय लागलं, आवाज आला, की अर्धी लढाई जिंकलीच. नाही लागलं, तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. कुणाला काही कळत नाही.

शेवटी भाचा. काही बिघडलं की त्याला फोन करावा. "मामा, स्क्रीनवर काय आलंय ते वाच," असं तो म्हणेल. तोवर आपण ते घालवलेलं असतं. "इंग्रजीत काहीतरी होतं, मी ओके केलं," असं शांतपणे सांगावं. पलीकडे जरा वेळ कुणी बोलणार नाही. तेवढ्यात, तो स्वतः काय वापरतो ते विचारून घ्यावं आणि तेच घ्यावं.

आमचा भाचा दिवाळीत लिनक्सवर गेला. मी सध्या झेरॉक्सवाल्याशी नव्याने ओळख वाढवतो आहे.