क्षीरसागरांना दोन पत्रिका

चूक लायब्ररीची आहे, असं मी दोन दिवस घरात ठासून सांगत होतो. त्यावर बायको म्हणाली, "लायब्ररीवाल्यांना कशाला दिल्या होत्या पत्रिका?" विषय तिथेच मिटायला हवा होता. पण तेवीस वर्षं प्रोग्रामिंग करून पोट भरणाऱ्या माणसाला गप्प बसणं जमत नाही. मी तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे काय ते समजावायला लागलो आणि ती हॉलवाल्याला फोन करायला उठून गेली.

मुलीच्या लग्नाच्या दोन याद्या होत्या. एक अण्णांच्या डायरीतली, २६८ नावांची. दुसरी माझ्या संगणकातली, ४१२ नावांची. दोन्ही अकारविल्हे लावलेल्या. त्यांची एक यादी करायची, दोन्हीकडे असलेली नावं एकदाच ठेवायची आणि पाकिटांवर चिकटवायला लेबलं छापायची. एवढंच काम.

शहाण्या माणसानं दोन्ही याद्या एकाखाली एक चिकटवून सरळ सॉर्ट केल्या असत्या. मला ते पटेना. निवडलेले तांदूळ पुन्हा कशाला निवडायचे? दोन रांगा आधीच शिस्तीत उभ्या आहेत. दोन्हींच्या तोंडाशी कोण आहे ते बघायचं, वर्णक्रमानं आधीचा असेल त्याला आत सोडायचं, पुन्हा बघायचं. एक रांग संपली की दुसरीतले उरलेले न तपासता आत. जास्तीत जास्त ६७९ तुलना! हे मर्ज करणं जॉन फॉन नॉयमनच्या १९४५ च्या प्रोग्राममध्येही आहे. माझ्या मुलीच्या लग्नात फॉन नॉयमनचा हात लागणार, या कल्पनेनं मला रात्री झोप लागली नाही. उठलो आणि पायथॉनमध्ये चाळीस ओळी लिहिल्या. त्यातल्या अकरा ओळी माझं कौतुक करणाऱ्या कॉमेंट्सच्या होत्या.

सकाळी ऑफिसात त्या ओळी नुकत्याच लागलेल्या एका मुलीला दाखवल्या. सहज. तिनं त्या शांतपणे वाचल्या आणि विचारलं, "सर, हीपक्यू डॉट मर्ज का नाही वापरलं?"

म्हणजे हे सगळं करणारं फंक्शन पायथॉनच्या स्टँडर्ड लायब्ररीत २००८ पासून आहे. एक ओळ. मी म्हणालो, "माहीत आहे गं, पण कधीकधी मुळापासून लिहून बघावं." माहीत नव्हतं. तिलाही ते कळलं, कारण ती लगेच अदबीनं बोलायला लागली. "आणि सर, खरं तर नुसतं जोडून सॉर्ट केलं तरी चालेल. टिम पीटर्सनं २००२ मध्ये पायथॉनचं सॉर्ट लिहिलं, ते आधीच लागलेल्या रांगा ओळखतं आणि आतल्या आत मर्जच करतं."

"प्रश्न वेळेचा नाही," मी म्हणालो, "तत्त्वाचा आहे."

मी तिची ती एक ओळ घेतली. पुढे आणखी एक ओळ टाकली: लागोपाठ तेच नाव आलं तर दुसरं गाळ. क्रमानं लावलेल्या यादीत सारखी नावं शेजारीच येणार, हे उघड होतं. ५५३ लेबलं निघाली. कोपऱ्यात अनुक्रमांकही छापले, कारण छापता येत होते.

चौथ्या दिवशी काळ्यांचा फोन आला, दोन पत्रिका मिळाल्या. मग गोळ्यांचा. मग साळव्यांचा. शेवटी क्षीरसागर काकांचा.

अण्णांनी माझी यादी मागितली. ते चौतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. कागद हातात घेतला की ते आधी शेवटचं पान बघतात. ते बघून मागे आले, क वर थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "क्षीरसागर क मध्ये? तुला वर्णमाला कोणी शिकवली?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

इथे मला ळ विषयी थोडं बोलू द्या. ळ हे आपल्या वर्णमालेतलं अतिशय सोशिक अक्षर आहे. त्याच्यापासून शब्द सुरू होत नाही. तक्त्यावर जवळजवळ सगळ्यांना पहिलं स्थान मिळतं, क कमळाचा, ग गवताचा; ळ मात्र बाळाच्या शेपटाला. अण्णांच्या डायरीत ळ चं स्वतंत्र पान आहे, त्यावर पन्नास वर्षांत एकही नाव आलेलं नाही. तिथे दुधाचा हिशेब आहे. पण ळ काढून घ्या आणि मराठी बोलून दाखवा! सकाळ, पोळी, आभाळ, टाळ्या, कळ, वेळ, काहीही उरणार नाही. एवढा कामाचा गडी, आणि बसतो कुठे? ह च्याही मागे, क्ष आणि ज्ञ यांच्यासोबत, शेवटच्या पंगतीत. आम्ही शाळेत हे एका दमात म्हणायचो, श ष स ह ळ क्ष ज्ञ, आणि ज्ञ म्हणून झालं की घंटा व्हायची असं मला अजून वाटतं.

युनिकोडमध्ये ळ शेवटी नाही. १९८८ च्या भारतीय मानकावरून देवनागरीचे क्रमांक घेतले गेले, त्यात ळ ला ल च्या शेजारी, व च्या आधी जागा मिळाली. क्ष ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. क, हलन्त आणि ष मिळून तो राहतो, म्हणजे क च्या बिऱ्हाडात. पायथॉन हे क्रमांक बघून नावं लावतो. त्याच्या मते काळे आधी, मग कावळे, मग कासार. अण्णांच्या मते कावळे, कासार आणि मग काळे. माझ्या यादीतले काळे आधी आत गेले, मधे कावळे आणि कासार आले, मग अण्णांचे काळे आले. दोघे शेजारी आलेच नाहीत, म्हणून एकही गळला नाही. गोळ्यांमध्ये गोसावी आले, साळव्यांमध्ये सावंत. आणि क्षीरसागर एकदा क च्या टोकाला, एकदा पार शेवटी.

लायब्ररीनं तक्रार केली नाही. करणारही नाही, दोन्ही याद्या आधीच क्रमानं लावलेल्या आहेत असं आम्ही धरून चालतो, हे तिच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे. याद्या क्रमानं लावलेल्या होत्याच. फक्त क्रम दोन होते.

मी चाळीस ओळींचं माझं फंक्शन गुपचूप चालवून पाहिलं. त्यानंही त्याच चौघांना दोन-दोन पत्रिका दिल्या. मग दार लावून दोन्ही याद्या नुसत्या जोडल्या आणि सॉर्ट केल्या. काळे काळ्यांशेजारी, क्षीरसागर क्षीरसागरांशेजारी, एकही नाव दुबार नाही. हे त्या मुलीला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

मला राग आला, आणि तो सगळाच स्वतःवरचा नव्हता. मराठीचा क्रम पाळणारे नियम संगणकासाठी तयार आहेत, पण ते मागून घ्यावे लागतात. न मागता मिळतो तो दुसराच कुठला तरी क्रम, आणि मीही तेवीस वर्षांत मागितला नव्हता. अण्णांनी मात्र दर पाच-सहा वर्षांनी नवी डायरी आणून सगळी नावं हातानं पुन्हा क्रमानं उतरवली. नवीन माणूस आला की त्याची जागा शोधायची, मागच्यांना सरकवायचं. नावं टाइप करायला डायरी घेतली तेव्हा काही नावांशेजारी बारीक टिंब दिसलं. "ती सोड," अण्णा म्हणाले, "ते गेले." मी मोजली, ४१ होती. गेलेल्यांचीही नावं ते प्रत्येक नव्या डायरीत उतरवत आले होते. मी विचारलं, कशाला?

"मधलं नाव काढलं की क्रम मोडतो," अण्णा म्हणाले.

नाव काढल्यानं क्रम मोडत नाही. हे मी त्यांना शास्त्रशुद्ध सिद्ध करून दाखवू शकलो असतो. मी डायरी मिटली.

क्षीरसागर काकांचा फोन मी घेतला तेव्हा ते पाकिटं समोर ठेवूनच बसले होते. "एकावर ११८ आहे, एकावर ५५३. मी नक्की कितवा?"

"काका, तांत्रिक चूक झाली."

"चूक कसली? शाळेत हजेरीत माझं नाव येईपर्यंत मास्तर रजिस्टर मिटायला लागायचे. आज पहिल्यांदा मला कोणी खरेंच्या आधी बसवलंय. ११८ राहू दे."

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ते ११८ परत आणून दे. माझ्या डायरीत तू शेवटी आहेस, आणि शेवटीच राहायचं," ते ओरडले. काकांना कमी ऐकू येतं. मग पलीकडून ते बराच वेळ काहीतरी बोलत राहिले आणि अण्णा हसत राहिले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "दोन्ही पाकिटं घेऊन येतोय. दोनदा जेवणार म्हणतो."