खाच कुठंय?

‘येथून फाडा’ असं छापलेलं असतं. बाण असतो, तुटक रेषा असते, कात्रीचं चित्रही असतं. खाच तेवढी नसते.

आणि खाच नसेल तर बाकीची छपाई फुकट. पुडीचं प्लॅस्टिक ओढलं की ताणलं जातं, फाटत नाही. कडेला बारीकशी चीर असली, की सगळा जोर तिच्या टोकाशी येतो आणि पुडी झटकन फाटते. बनवणाऱ्याला हे ठाऊक नाही?

असणारच.

शाम्पूची पुडी माणूस ओल्या हातानेच उघडणार. न्हाणीघरात कात्री कोण नेतं? शेवटी दात. ज्यांना दात नाहीत, त्यांनी?

त्यापेक्षा दुधाची पिशवी बरी. ‘उघडायला सोपी’ म्हणून ती मिरवत नाही. कोपरा कापला, काम झालं. (तो कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा गटारातच जातो.)

खरा संताप येतो तो औषधांपाशी. ओआरएसची पुडी घ्या. आतल्या पावडरीला दमट हवा लागू नये म्हणून वेष्टन जाड, हे मान्य. पण लिटरच्या पुडीतली पावडर अख्खी लिटरभर पाण्यात जायची असते. झटापटीत पुडी भसकन फाटली आणि अर्धी पावडर ओट्यावर सांडली, तर पाणी किती घ्यायचं? हे गणित रात्री दोन वाजता, जुलाबाने गळालेल्या माणसाने सोडवायचं?

संधिवाताच्या गोळ्यांचं पाकीट तर अंगठ्याने दाबूनच फोडायचं. अंगठ्यात तेवढा जोर असता, तर गोळी कशाला लागली असती?

लहान मुलांच्या हाती औषध लागू नये, हे कारण सांगतात. बरोबरच आहे. अमेरिकेत त्यासाठी १९७० साली कायदा झाला. पण त्यातच म्हटलंय, की पाच वर्षांखालच्या मुलांना अवघड जावं, मोठ्यांना नाही. पुढे १९९५ मध्ये झाकणांची चाचणी ५० ते ७० वयाच्या माणसांकडून करून घेण्याचा नियम आला.

म्हणजे जमतं. करायचं ठरवलं तर.

आपल्याकडे २०११ चे वेष्टनबंद वस्तूंचे नियम आहेत. किंमत छापा, वजन छापा, तक्रार कुठे करायची तेही छापा. आकडे किती मिलिमीटर उंच हवेत, इथपर्यंत तपशील आहे. पुडी उघडली पाहिजे, याबद्दल अवाक्षर नाही.

एक कलम वाढवा. ‘उघडायला सोपं’ असं छापायचं असेल, तर माल बाजारात येण्याआधी सत्तरीच्या आजींच्या ओल्या हातात द्या. त्यांनी कात्री मागितली, तर तो शब्द छापायचा नाही.