घासलेली चालतील

‘पुन्हा क्लचचं बेअरिंग गेलं,’ असं मी चारचौघांत सांगतो तेव्हा चेहऱ्यावर दुःख असतं, पण छाती दोन इंच पुढे आलेली असते. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हा वेग, पोलादसुद्धा टिकत नाही!

गाडी रिमोटवरची, एकास आठ मापाची नायट्रो बगी. बायको तिला खेळणं म्हणते. खेळण्याला सेल लागतात. हिला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाचं मिश्रण लागतं. साडेतीन सीसीचं इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं. शेजाऱ्यांना त्याचं काही नाही. त्यांचा प्रश्न एकच, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ सव्वाशे मिलिलिटरची टाकी आठ-दहा मिनिटांत संपते म्हटल्यावर ते माझ्याकडे जसे बघतात, तसे यापूर्वी फक्त माझे सासरे बघायचे, मुलगी दाखवायच्या वेळी.

तर क्लच. फ्लायव्हीलवरचे शूज वेग वाढला की बाहेर फाकतात, क्लच बेलला आतून धरतात आणि गाडी सुटते. बेल म्हणजे घंटा. पण ही न वाजणारी घंटा. वाजायला लागली की समजावं, आतली दोन बेअरिंगं आटोपली. बेअरिंग केवढं? बाहेरून १० मिलिमीटर, आतून ५, जाडी ४. शर्टाचं बटण बरं, निदान हरवलं तर बायको शोधून देते. रविवारी संध्याकाळी मी वर्तमानपत्र पसरतो, बेल काढतो, ब्लेडच्या टोकानं बेअरिंगचं रबरी झाकण उचलतो. आत शूजच्या भुकटीचा आणि जळक्या तेलाचा काळा लगदा. तो पेट्रोलमध्ये धुऊन काढायचा, बेअरिंग वाळवायचं, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. दुसरा पडला तर तो शूजवर जातो आणि क्लच घसरतो.

धुतलेलं कोरडं बेअरिंग बोटावर फिरवलं की खर्रर्र करत बराच वेळ फिरत राहतं. हा आवाज आला, की मी थेट आमच्या जुन्या वाड्यासमोरच्या उतारावर जाऊन पडतो. पडतो हे शब्दशः. बेअरिंगचा गाडा! गॅरेजवाल्या उस्तादांकडून मागून आणलेली टेम्पोची तीन बाद बेअरिंगं, मागे दोन, पुढे एक, फळी खोक्याची, वळवायला सुतळी. उस्ताद बेअरिंग देताना ते कानाशी धरून फिरवायचे आणि म्हणायचे, ‘अजून बोलतंय, घेऊन जा.’ डांबरी रस्त्यावर तो गाडा निघाला, की दुपारची झोप मोडलेल्या गल्लीभरच्या आज्या माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पुढची फळी खिळ्यावर फिरायची, तो खिळा ऐन वळणावर निघायचा. गुडघ्यावरची खूण अजून आहे, पाहुण्यांना दाखवतो. चालक कायम मी. ढकलायला धाकटा भाऊ. ‘पुढच्या फेरीला तू,’ असं मी त्याला सांगायचो. उतार संपला की गाडा पुन्हा वर ओढून आणायचं कामही त्याचंच.

असो. मागच्या रविवारी माझी मुलगी शेजारी बसून बघत होती. रेसला पिटमध्ये तीच असते. टाकी भरायची, प्लग तापवायचा, बंद पडलेली गाडी धावत जाऊन उचलून आणायची. मी उंच स्टँडवर, रिमोट घेऊन. तिनं बेल बोटात धरून फिरवली आणि म्हणाली, ‘बाबा, क्लच पूर्ण धरला की बेल आणि शाफ्ट बरोबरच फिरतात. मग बेअरिंग फिरतं कधी?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गाडी पळते तेव्हा बेअरिंग आरामात असतं. त्याला खरी राबणूक गाडी उभी असताना: इंजिन चालू, बेल थांबलेली, मध्ये ते बिचारं एकटं गरगरतंय. आणि सुटताना क्लच घसरतो, तेव्हाची भट्टी वेगळीच. म्हणजे माझ्या वेगानं एकही बेअरिंग गेलेलं नाही. गाडी चालू ठेवून जमलेल्या मंडळींना मी जी पंधरा-पंधरा मिनिटं भाषणं दिली, दर दोन वाक्यांना उगाच थ्रॉटल दिला, त्यानं गेली.

मुलगी काही बोलली नाही. काळे झालेले हात पुसत तिनं नवी जोडी बसवली. रिमोट तिच्या हातात मी अजून एकदाही दिलेला नाही, हे मला तेव्हा आठवलं. ‘पुढच्या फेरीला तू’ असं तिलाही सांगितलेलं आहे, तीन वर्षांपूर्वी.

येत्या रविवारी ती चालवेल, पिटमध्ये मी. आणि भाऊ दिवाळीला येतोय. बावन्न वर्षांचा आहे, वजन माझ्याहून जास्त. माझ्याकडची डबीभर बाद बेअरिंगं त्याच्या कामाची नाहीत, फार लहान आहेत. टेम्पोची तीन जुनी कुणाकडे असतील तर कळवा. घासलेली चालतील.