बिनटपाची

आमच्या किन्हीराजात ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याचं नाव घरकुलाच्या यादीत घालतात. आमच्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, निवृत्तीच्या पैशातून बिनछपराची मोटार आणली, तेव्हा त्याचं नाव कोणत्या यादीत घालावं हे कोणालाच सुचेना.

सगळा दोष एलटीसीचा. नोकरीत असताना दादा सहकुटुंब गोव्याला गेला होता. मंडळी देवळं आणि चर्च बघत होती, त्या वेळी दादाने रस्त्याकडेला लाल सॅन स्टॉर्म बघितली आणि तो तिथेच अडकला. गेल्या शतकाच्या अखेरीला सॅन मोटर्स या देशी कंपनीने काढलेली ही गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ताकद ६० घोड्यांची, अंग फायबरचं, टप कापडी आणि बसायची जागा दोन. ज्या काळात चौघांच्या मारुती ८०० मधून आपण नऊ जण शेगावला जाऊन येत होतो, त्या काळात दोघांची गाडी काढणं हे धाडसच. ती फार खपली नाही यात मला तरी नवल वाटत नाही. दादाला मात्र पंचवीस वर्षं तीच दिसत होती. वहिनींना आधी वाटायचं, गोव्यात कोणी बाई होती की काय.

तर ती आली. मालेगाव-शेलूबाजार रस्त्यावर ट्रकमधून उतरली तेव्हा फाट्यावरचा चहा थंड झाला. एक आजोबा तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, “कावून गा, टप कुठी पडला हिचा?”

“बाबा, थो मांगं दुमडते. ही उघडीच चालवतेत.”

“मंग पैसे कमी घेतले असतीन.”

“नाई, जास्त घेतले.”

आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “आपल्या ट्रॅक्टरले बी टप नाई. त्याचे बी जास्त घे म्हना मंग फायनान्सवाल्याले!”

दादाला हे लागलं. तो म्हणाला, २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, त्यांचे फोटो पेपरात आले. मी एक जुनी घेतली तर टपावरून चौकशी! मुद्दा बिनतोड होता. पण औरंगाबादकरांना गोठ्यातून गाडी काढायची नव्हती.

जुन्या गाडीला ‘नवी करणे’ हा शब्दप्रयोग ज्याने काढला त्याला एकदा परिवहन कार्यालयाच्या रांगेत उभं करावं. पंधरा वर्षांपलीकडची गाडी, म्हणून तपासणी. तपासणी म्हणून पर्यावरण कर. परराज्यातली म्हणून २८ नंबरच्या अर्जावर ना-हरकत. मग कुठे एमएच-३७. दादाच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या पेन्शनचे कागद याहून पातळ होते.

पुढे मिस्त्री. आमचा मिस्त्री ट्रॅक्टरचा आहे. त्याने बॉनेट उघडलं, आत बघून नमस्कार केला आणि बंद केलं. पेट्रोलचे रबरी पाईप कडक झाले होते. तो म्हणाला, “आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असते दादा, जुन्या रबराले थे पचत नाई.” म्हणजे आपल्याच शिवारातला ऊस आणि मका आपल्याच गाडीच्या पोटात दुखवतो. पाईप बदलले. दाराला पोचा असावा असं वाटलं, तो काढायला डेंटिंगवाला आला आणि सवयीने त्याने हातोडी मारली. फायबरला पोचा नसतो, तडा असतो. तो आता झाला. शेवटी पाण्याच्या टाक्या जोडणारा पोरगा रेझीन घेऊन आला आणि त्याने सुंदर काम केलं. फक्त त्या जागेचा रंग टाकीचा राहिला.

टपाचं कापड फाटलं होतं. पंचवीस वर्षांत कोणतंही कापड फाटतं. ते शिवणारा माणूस शोधता शोधता दादा जिथे पोचला तिथे ऑटोचे हूड शिवतात. कारागीर हाताचा चांगला, पण सवय सवय असते. काळं रेक्झिन, पिवळी गोट, कडेला गोंडे, मागे प्लॅस्टिकची खिडकी आणि तिच्या वर ‘आईचा आशीर्वाद’. दादा पहिल्यांदा वाशीमला गेला तेव्हा एका बाईने हात दाखवून गाडी थांबवली आणि विचारलं, “पाटणी चौक किती घेता?”

आता मुख्य प्रश्न, टप उघडायचा कधी? मे महिन्यात पारा ४३-४४ वर, तेव्हा उघडता येत नाही. पावसाळ्यात अर्थातच नाही. सोयाबीन निघालं की थ्रेशरचं कुटार गावभर उडतं, तेव्हा नाही. थंडीत पहाटे कान गळून पडतात. माझ्या हिशेबाने उरतात ते डिसेंबरातले दुपारी चार ते साडेपाच. अशाच एका दीड तासात दादा वहिनींना घेऊन समृद्धी महामार्गावर गेला. तिथे मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे, ट्रॅक्टरला आणि मोटारसायकलला प्रवेशच नाही, म्हणून दादाला फार बरं वाटलं. शंभरावर दादाची टोपी गेली. वहिनी नुसतं म्हणाल्या, “एकशे वीसले तुमचे दात जातीन.”

गावच्या पोरांवर मात्र गाडीचा भलताच परिणाम झाला. दोघांनी जुन्या ओम्नीचा टप गॅस कटरने उडवायचं ठरवलं. मला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगावं लागलं: कंपनीने जशी बनवली त्यात असा मूळ फेरफार करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलंय. पोरं ऐकून गेली. म्हणजे ज्या गाडीला छप्पर आहे तिचं ते राहावं म्हणून कायदा जागा आहे. यादीतल्या माणसांसाठी असं कलम मी शोधतोय.

या उन्हाळ्यात गाडीला पहिलं काम लागलं. शेजारच्या नवरदेवाने हट्ट धरला, वरात उघड्या गाडीतूनच. जागा दोन. एक चालवणाऱ्याची, म्हणजे दादाची, कारण दादा चावी कोणाला देत नाही. दुसरी नवरदेवाची. नवरी कुठे बसणार यावर दोन्हीकडचे मामा पाऊण तास बोलले. करवलीचा विषय कोणी काढलाच नाही. त्यात डीजेच्या चालीने गाडी हाकायची म्हटल्यावर इंजिन तापलं आणि मारुतीच्या पाराजवळ वाफ सोडून थांबलं. मग मिस्त्रीने ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरावर गाडी, गाडीत भर उन्हात दादा आणि नवरदेव.

नवरी ट्रॅक्टरवर बसली. त्याला मागच्याच दिवाळीत छत बसवलं होतं.