चिखलवीर

कमरेपर्यंत चिखल, कोपराला खरचटलेलं, गळ्यात पदक आणि चेहऱ्यावर पानिपत जिंकल्याचा भाव, अशा अवस्थेतला एक गृहस्थ रविवारी अकराच्या सुमारास इमारतीच्या पार्किंगमध्ये वॉचमनकडे पाण्याचा पाइप मागताना दिसला, तर घाबरू नका. त्याला अपघात झालेला नाही. तो चिखलवीर आहे.

चिखलवीराचं वय ३८ ते ४८. हिंजवडीत किंवा खराडीत तो कुठल्यातरी टीमचा प्रमुख असतो. म्हणजे दिवसाचे दहा तास तो बसून असतो आणि इतरांनी धावावं अशी त्याची अपेक्षा असते. एरवी चिखलाशी त्याचं हाडवैर. पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकापाशी डबकं साचलं की त्याचा पहिला फोटो ग्रुपवर हाच टाकतो. फोटोखाली लेप्टोस्पायरोसिसवर टिपण. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात कसे शिरतात, हे तो इतक्या तपशिलाने लिहितो की सेक्रेटरींना दुपारचं जेवण जात नाही. मुलगा मातीत खेळून आला तर त्याला दाराबाहेरच उभा करून सॅनिटायझरने पुसून काढतो. असा हा माणूस पैसे भरून अडथळ्यांच्या शर्यतीत चिखलात पालथा पडतो आणि नोंदणी लवकर केल्यामुळे सवलत मिळाली, म्हणून खूश असतो. पुण्याचा असेल तर शर्यतीपेक्षा सवलतीचा आनंद मोठा.

नोंदणी करताना एक लांबलचक संमतीपत्र येतं. हात मोडला, पाय मुरगळला, डोक्यावर पडलात, तरी जबाबदारी तुमची. लिफ्टच्या देखभालीच्या करारातला स्वल्पविरामसुद्धा वकिलाला दाखवून घेणारा चिखलवीर इथे खालच्या चौकोनावर न वाचता टिचकी मारतो. विम्याच्या एजंटाला याची खबर लागू देत नाही, एवढीच काय ती सावधगिरी.

मग दोन महिने तो पळण्याऐवजी बोलतो. या खेळाचा सगळा इतिहास त्याला पाठ असतो आणि लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला तो चौथ्या मजल्यापासून ऐकायला मिळतो. इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका शेतावर बिली विल्सन नावाच्या माजी सैनिकाने १९८७ मध्ये 'टफ गाय' ही शर्यत सुरू केली. पुढे ती भर जानेवारीच्या गारठ्यात भरायची आणि स्पर्धकाकडून आधी 'मृत्यूच्या फर्माना'वर सही घेतली जायची. २०१० मध्ये अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन रेस' अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. पहिलीत लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांमधून पळायचं आणि शेवटी डोक्याला नारिंगी पट्टा बांधून घ्यायचा. दुसरीत अडथळा जमला नाही की ३० बर्पींचा दंड असायचा. २०२० मध्ये दुसरीने पहिली विकत घेतली. हे शेवटचं वाक्य सांगताना चिखलवीराचे डोळे चमकतात. चिखलातही विलीनीकरण झालं, याचं त्याला व्यावसायिक समाधान असतं. भारतात २०१२ पासून 'डेव्हिल्स सर्किट' भरते. ५ किलोमीटर, १५ अडथळे. एवढं होईपर्यंत तुमचा मजला येऊन गेलेला असतो.

बर्पी म्हणजे काय, हे विचारू नये. विचारलंत तर तो करून दाखवतो. आधी बसायचं, मग पालथं पडायचं, मग उठून उडी मारायची. न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती जोखायला या कसरतीचं मूळ रूप काढलं. ती चाचणी होती आणि मोजक्याच वेळा करायची होती. पण जगात कुठलीही चाचणी निघाली की कुणीतरी तिचा क्लास काढतो.

त्याला थोपवायला जावं तर तो ऑलिंपिक काढतो, आणि इथे त्याची बाजू भक्कम असते. आधुनिक पेंटॅथलॉनमधून घोडेस्वारी काढून त्या जागी अडथळ्यांची शर्यत घेतली आहे, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ती दिसणार आहे. यामागची हकीकत तो मात्र सांगत नाही. टोकियोच्या स्पर्धेत एका घोड्याने अडथळ्यांवरून उडी मारायला साफ नकार दिला, प्रशिक्षिकेने त्याला गुद्दा मारला, जगभर बोंबाबोंब झाली आणि शेवटी घोडाच खेळातून बाहेर गेला. घोड्याला जे वेळेवर कळलं ते चिखलवीराला कळत नाही, म्हणून तर ही जागा भरता आली.

सरावासाठी तो लहान मुलांच्या बागेतल्या लोखंडी शिडीला लोंबकळतो. '१२ वर्षांवरील व्यक्तींना मनाई' ही पाटी समितीत असताना यानेच लावलेली असते. पोरं रांगेत उभी राहून 'काका, आमचा नंबर' म्हणतात. घरात दाराच्या चौकटीला बार बसवतो, तो आठवड्यात चौकटीसकट खाली येतो. 'अहो, एवढी ताकद आलीच आहे तर माळ्यावरचे दिवाळीचे डबे काढून द्या,' असं बायको म्हणाली की त्याला त्या दिवशी विश्रांतीचा दिवस असतो. रविवारी पहाटे सिंहगड. चढताना तो घड्याळात किती उष्मांक जळले ते बघतो आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मटक्यातलं दही हाणून ते सगळे जागच्या जागी परत करतो. हिशेब चोख.

त्याचे वडील मुळशीकडचे, आयुष्य भाताच्या खाचरात गेलेलं. आपला लेक पैसे देऊन चिखलात जातो हे ऐकून ते चिडतील, असं सगळ्यांना वाटतं. ते चिडत नाहीत. ते मागच्या वर्षीचा व्हिडिओ चष्मा लावून, नीट थांबवत थांबवत बघतात. मग जाणकाराचा अभिप्राय येतो, 'चिखलणी बरोबर झाली नाही. फार पातळ आहे. खाली थर बसला नाही तर पाणी जिरून जाईल.' लेक सांगतो, बाबा, यात काही लावायचं नसतं. त्यावर म्हातारा बराच वेळ विचार करतो आणि विचारतो, 'मग एवढ्या माणसांकडून तुडवून का घेतलं?' या प्रश्नाला उत्तर नाही. ऑफिसातला गोव्याचा सहकारी सांगतो की आमच्याकडे माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो होतो. अंगाला तेल चोपडून माणसं मनसोक्त लोळतात, कृष्णाच्या लहानपणीचे खेळ खेळतात. चिखलवीर सहानुभूतीने ऐकतो आणि विचारतो, 'पण वेळ कशी मोजतात?'

शर्यतीच्या दिवशी तो अंधारात पोचतो. छातीवर क्रमांक, अंगात टीमचा एकसारखा टी-शर्ट, पाठीवर कुठल्यातरी योद्ध्यांचं नाव. स्पीकरवर ढोल, मंचावर निवेदक, आणि शरीर तापवण्यासाठी म्हणून शेकडो माणसं झुंबा करत असतात. ज्याने लग्नाच्या वरातीत पोटदुखीचं निमित्त सांगून गाडीत बसून घेतलं होतं, तो इथे पहिल्या रांगेत नाचतो. मग टप्प्याटप्प्याने जथे सुटतात. पहिले पाचशे मीटर तो स्पार्टन असतो. नंतर तो टीमचा प्रमुख होतो आणि 'तुम्ही पुढे व्हा, मी सगळ्यांवर लक्ष ठेवतो' म्हणून चालू लागतो.

बर्फाच्या पाण्याच्या हौदापाशी त्याच्यातला संस्कारी माणूस जागा होतो. अंघोळीला नळाचं पाणी जरा कोमट आलं तरी गिझरवाल्याला फोन करणारा हा जीव त्या हौदात शिरतो, आणि पाण्याबाहेर येणारा पहिला शब्द 'आई गं' हाच असतो. मग येतो तो चिखल. वर जाळी, खाली राडा, कोपरांवर सरपटायचं. इथे तोंड मिटून घ्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात अशाच एका शर्यतीनंतर २२ जणांना कॅम्पिलोबॅक्टर जंतूंमुळे जुलाब झाले. त्या आवारात जनावरं होती आणि स्पर्धकांच्या पोटात तिथला चिखल गेला होता. हे चिखलवीराला ठाऊक असतं. पण जाळीच्या टोकाला फोटोग्राफर बसलेला असतो. त्याला बघताच आमचा वीर मान वर करतो आणि पूर्ण जबडा उघडून गर्जना करतो, 'हर हर महादेव!' मागून येणाऱ्याच्या बुटाने उडवलेला चिखल नेमका 'महादेव'च्या वेळी आत जातो.

आणि मग भिंत. सात-आठ फूट उंच, धरायला काही नाही. पहिल्या दोन उड्यांत तो भिंतीला फक्त स्पर्श करतो. इतक्यात मागून एक तरणा पोरगा येतो, कुठल्यातरी तालमीत घडलेला, आणि गुडघ्यावर बसून म्हणतो, 'काका, पाय द्या खांद्यावर.' भिंतीपेक्षा त्या 'काका'चा मार मोठा असतो. तरी तो पाय ठेवतो. पण चाळीस वर्षांचं वळण असं जातं का? परक्या माणसाला पाय लागला म्हणून त्याचा उजवा हात आपोआप भिंत सोडून नमस्कार करायला खाली जातो आणि वीर पाठीवर आपटतो. दुसऱ्या खेपेला नमस्कार आधी उरकून मग पाय ठेवतो. या वेळी वरून एक हात येतो. त्याच्याच ऑफिसच्या लेखाविभागातल्या बाईंचा. त्या कधीच चढून बसलेल्या असतात. पुण्याला बदली होण्याआधी बारा वर्षं डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडलेल्या बाईला भिंतीचं काय कौतुक? एका हाताने ओढणी सावरत, दुसऱ्याने दांडा धरत, तिसऱ्याने डबा सांभाळत त्या चढल्या आहेत. इथे तर दोन्ही हात मोकळे. त्या मनगट धरतात, पोरगा खालून रेटतो, आणि आमचा वीर भिंतीच्या माथ्यावर, रखडलेल्या पुनर्विकासाच्या इमारतीसारखा, पाडताही येईना आणि उभाही करता येईना असा अडकून बसतो. शेवटी बाई म्हणतात, 'सर, डोळे मिटा.' आणि ढकलतात.

शेवटी पदक, केळं आणि पाण्याचा फवारा. परतताना गाडीच्या सीटवर आठवड्याची रद्दी अंथरलेली असते. घरी कपडे वॉशिंग मशीनच्या जवळसुद्धा येऊ दिले जात नाहीत. भांडी घासायला आलेल्या मावशी कळवळून विचारतात, 'दादा, कुठं पडलात हो?' पदक आई देव्हाऱ्यापाशी ठेवते, कुठल्यातरी देवस्थानाचं असावं म्हणून.

सोमवारी तो ऑफिसात जिना आडवा उतरतो. दंडावरची नीळ दिसेल अशा बेताने बाह्या दुमडलेल्या असतात. दुपारपर्यंत लिंक्डइनवर लेख येतो: 'चिखलाने मला नेतृत्वाबद्दल शिकवलेल्या सात गोष्टी'. सातही गोष्टींत कर्ता एकवचनी आहे. त्यात तालमीतला पोरगा नाही, मनगट नाही आणि 'सर, डोळे मिटा' तर अजिबात नाही. लेखाविभागातल्या बाईंनी काहीच लिहिलेलं नसतं. त्या महिनाअखेरच्या ताळेबंदात बुडालेल्या असतात.

एवढं सगळं असूनही चिखलवीर उपद्रवी प्राणी नाही. त्याचा चिखल खरा असतो, दम खरा लागलेला असतो, नीळ तर खरीच. ज्याने वर्षभर कुणाच्या खांद्याला हात लावला नाही, त्याने एका सकाळी परक्याच्या खांद्यावर पाय दिलेला असतो आणि त्या परक्यानेही तो आनंदाने घेतलेला असतो. लेखाच्या सात मुद्द्यांत बसण्याजोगी तीच एक गोष्ट होती, ती राहून गेली.

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला तुमच्याही मनात आलं तर जरूर जा. जुने बूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, घोषणा द्यायची ती चिखलाबाहेर द्या, आणि लेखाविभागाशी वर्षभर संबंध चांगले ठेवा.